मसाई मारा : सब्र करणाऱ्यांचे माळरान

केनियात पाऊल ठेवले की कान आधी टवकारतात. स्वाहिली भाषा आपल्याला येत नाही, पण तिच्यातले कितीतरी शब्द घरचे निघतात. 'सफारी' म्हणजे आपला सफर, 'रफीकी' म्हणजे दोस्त, 'किताबू' म्हणजे पुस्तक. अरब व्यापाऱ्यांबरोबर हे शब्द शेकडो वर्षांपूर्वी त्या किनाऱ्यावर उतरले. मी शाळेत शिकवते हे कळल्यावर आमचा मसाई चालक मला 'म्वालिमू' म्हणू लागला. म्हणजे मुअल्लिम! त्याच्या तोंडी सारखा येणारा आणखी एक शब्द होता 'सुबिरा'. म्हणजे सब्र.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब तिथे गेलो. नैरोबीहून रिफ्ट दरीचा उतार उतरून, नारोक गाव ओलांडून पाच-सहा तासांत मसाई मारा येते. 1961 साली राखीव झालेले हे रान सुमारे 1,510 चौरस किलोमीटरचे. दक्षिणेला टांझानियाचे सेरेंगेटी आहे, पण मध्ये कुंपण नाही. मसाईंच्या मा भाषेत 'मारा' म्हणजे ठिपक्याठिपक्यांचे. पिवळ्या गवतावर एकेकटी झाडे आणि ढगांच्या सावल्या पाहिल्या की हे नाव लगेच पटते. जुलैच्या सुमारास दक्षिणेकडून येणारे विल्डबीस्टचे लाखोंचे कळप आम्ही गेलो तेव्हा परतीला लागले होते.

सिंह पहिल्याच सकाळी दिसले. झोपलेले. दिवसाचे वीस-वीस तास ते असेच पडून असतात. बिबट्या संध्याकाळी दिसला, फांदीवर शिकार अडकवून बसलेला. जुन्नरच्या उसात शिरतो तोच हा, जात एकच. पण मुलांना खरी ओढ होती चित्त्याची. पुष्कळ जण बिबट्यालाच चित्ता म्हणतात, पण दोघांत मोठा फरक आहे. चित्ता सडपातळ, लांब पायांचा. डोळ्यांपासून तोंडापर्यंत अश्रू ओघळल्यासारख्या दोन काळ्या रेघा. त्याला डरकाळी फोडता येत नाही. धावण्यात त्याच्या तोडीचा प्राणी जमिनीवर नाही, पण ही दौड काही सेकंदांची. मग तो धापा टाकत बसतो आणि तेवढ्यात तरस येऊन शिकार पळवतात.

आपल्याकडेही हा प्राणी होता. अकबराच्या पदरी शिकारी चित्ते होते. कोल्हापूर संस्थानाने तर शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते मागवले होते. 1952 साली तो भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. 2022 मध्ये नामिबियाहून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले, ती या गमावलेल्या गोष्टीची भरपाई करण्याची धडपड.

दुसऱ्या दिवशी वायरलेसवर बातमी आली आणि बघता बघता एका मादीभोवती अकरा गाड्या जमल्या. नियम असा की एका जनावरापाशी पाचच गाड्या, त्याही पंचवीस मीटर दूर. आमच्या चालकाने गाडी लांबच थांबवून इंजिन बंद केले. मादी वारुळावर चढून हरणांकडे पाहत होती. गाड्यांच्या हालचालीने हरणे बिचकली आणि पळाली. ती उतरली आणि उपाशीच गवतात निघून गेली. तिच्या मागे तीन पिले होती.

ही केवळ एका दुपारची गोष्ट नाही. 2018 मध्ये माराच्या चित्त्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पर्यटक कमी असलेल्या भागात मादीच्या एका वेतातली सरासरी दोनाहून अधिक पिले मोठी झाली. गर्दीच्या भागात हीच सरासरी होती 0.2, म्हणजे पाच वेतांमागे एक पिलू. बंदूक नाही, फासा नाही. फक्त आपली पाहण्याची घाई.

राखीव रानाला लागून मसाई कुटुंबांच्या स्वतःच्या जमिनी आहेत. अनेकांनी त्या एकत्र करून पर्यटनासाठी भाड्याने दिल्या आहेत. भाडे घरी येते, गुरे ठरवून दिलेल्या भागात चरतात आणि गाड्यांची संख्या मर्यादित राहते. ज्याची गाय सिंह मारतो, त्याला सिंह जिवंत ठेवण्याचे काही कारण हवे ना! ते या भाड्याने मिळते.

तिसऱ्या दिवशी अशाच एका जमिनीवर आम्ही पावणेदोन तास गवताच्या एका पट्ट्याकडे पाहत बसलो. मुलेही गप्प. अखेर एका मादीने पाखरासारखी बारीक साद घातली आणि गवतातून चार पिले बाहेर आली, पाठीवर राखाडी आयाळ असलेली. जवळ दुसरी गाडी नव्हती. ती निवांत लवंडली आणि पिले दूध पिऊ लागली.

आपल्यापैकी कोणी तिकडे जाणार असेल, तर एवढे करा. सकाळी निघतानाच चालकाला सांगा की आम्हाला फार जवळ जायचे नाही. गाडी जवळ घालणाऱ्याला खूश होऊन बक्षिसी देणारे आपणच असतो, आणि त्या बक्षिसीच्या आशेनेच नियम मोडतात. यंदा ती बक्षिसी लांब थांबणाऱ्याला द्या.