शिरोलीत ऐकलेलं गाणं

मैत्रिणींनो, कोल्हापूरला जायचं म्हटलं की आपली यादी ठरलेली असते. आधी अंबाबाईचं दर्शन, मग रंकाळा, वेळ उरला तर जोतिबा. परतताना पिशवीत गूळ, कांदालसूण चटणी आणि घरच्यांसाठी कोल्हापुरी पायताण. या यादीत शिरोली एमआयडीसी कुणी घातल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तुम्ही म्हणाल, तिथे आहे काय बघायला? कारखाने, ट्रक आणि धूळ! मीही तसंच म्हणत होते. पण आतेभावाने खंडेनवमीला आग्रहाने बोलावलं आणि जाणं झालं.

पुण्याकडून येताना पंचगंगेचा पूल यायच्या आधीच ही वसाहत लागते. गावाचं नावच मुळी पुलाची शिरोली. इथलं मुख्य काम ओतीव लोखंडाचं, म्हणजे बिडाचं. वाळूचा साचा करायचा, त्यात वितळलेला लालभडक रस ओतायचा आणि निवल्यावर साचा फोडून वस्तू बाहेर काढायची. पण वस्तू आतून पोकळ हवी असेल तर? मग त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा गड्डा आधी साच्यात बसवावा लागतो. त्याला म्हणतात कोअर. मोदकात आधी सारण बसवावं ना, तसंच. फरक इतकाच, की हे सारण शेवटी फोडून टाकून द्यायचं! कोअर करायला हात हलका लागतो. भावाच्या कारखान्यात ते खातं सगळं बायकांच्या हाती आहे.

खंडेनवमीला भट्टी बंद होती. यंत्रांना झेंडूच्या माळा, हळदकुंकू, दारात रांगोळी. कामगार बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, पोराबाळांना घेऊन आल्या होत्या. पेढे वाटून झाले आणि कुणीतरी स्पीकरवर गाणं लावलं, ‘चक दे इंडिया’. लगेच पोरं अंगणात बॅट घेऊन उतरली आणि मोठी माणसं ठेका धरू लागली.

माझ्या शेजारी कोअर खात्यातल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांची मुलगी नववीत, शाळेच्या संघातून हॉकी खेळते. बाई म्हणाल्या, “हे किरकेटचं गाणं लागलं की पोरास्नी काय सुचत न्हाई बगा.”

मुलगी फणकारली, “आई, ते हॉकीचं गाणं हाय. पोरींच्या हॉकीचं!”

बाईंना ते काही पटेना. त्या माझ्याकडे बघू लागल्या. मग मी त्यांना जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते.

हे गाणं 2007 सालच्या ‘चक दे! इंडिया’ या चित्रपटातलं. लिहिलं जयदीप साहनींनी, संगीत सलीम-सुलेमान यांचं आणि मुख्य आवाज सुखविंदर सिंगचा. ‘चक दे’ हे पंजाबी शब्द. उचल, हाण, चल पुढे, असा त्यांचा भाव. 2002 साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात इंग्लंडला हरवून हॉकीचं सुवर्णपदक जिंकलं होतं. त्या विजयावरून या चित्रपटाची कल्पना सुचली. त्यात क्रिकेटवाल्या वाग्दत्त वराला आपला खेळ दाखवून देणारी जी प्रीती आहे, ती साकारणारी सागरिका घाटगे जन्माने कोल्हापूरचीच, बरं का!

चित्रपट ऑगस्टमध्ये आला आणि सप्टेंबरात आपण जोहान्सबर्गला वीस षटकांचा पहिला विश्वचषक जिंकलो. तेव्हा हेच गाणं वाजलं. पुढे 2011 च्या विश्वचषकासाठी ‘दे घुमा के’ नावाचं खास अधिकृत गाणं केलेलं होतं. तरी वानखेडेवर चषक हाती आला तेव्हा लोकांच्या ओठांवर आलं ते ‘चक दे’च. कुठल्या मंडळाने ठराव करून ते संघाला दिलेलं नाही. लोकांनीच ते आपलंसं केलं. इंग्लंडात लिव्हरपूलच्या फुटबॉलप्रेमींनी एका जुन्या संगीतिकेतलं गाणं असंच उचललं आणि गेली साठ वर्षं ते गातात. आपल्या जात्यावरच्या ओव्यांना तरी कुणी मान्यता दिली होती? तोंडात बसल्या आणि राहिल्या.

पण यात एक गंमत झाली, आणि ती मला खुपते. गाणं मुलींच्या खेळासाठी जन्मलं, गाजलं मात्र पुरुषांच्या क्रिकेटवर. इतकं, की हॉकी खेळणाऱ्या मुलीच्या आईलाही ते क्रिकेटचंच वाटावं!

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “दहावीनंतर बंद करायचं ठरलंय हिचं. घरचे म्हणत्यात, पोरीच्या जातीला काठी घेऊन काय करायचंय?”

मुलीने मान खाली घातली. ‘असं करू नका’ असं नुसतं सांगण्यात काही अर्थ नव्हता. म्हणून मी व्यवहाराचंच बोलले. ठरावीक पातळीवर खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. याच कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला नेमबाजीत जगज्जेती झाली, राही सरनोबतने 2018 मध्ये आशियाई सुवर्ण आणलं. आणि 2021 मध्ये टोकियोला आपल्या हॉकीच्या मुलींनी बलाढ्य ऑस्ट्रेलियाला नमवून उपांत्य फेरी गाठली. पदक हुकलं, चौथ्या आल्या, पण अख्खा देश सकाळीच त्यांच्यासाठी टीव्हीपुढे बसला होता.

“नोकरीतबी हाय म्हणता?” बाईंनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, “सर्टिफिकेटं मात्र जपून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाशेजारी.”

त्या हसल्या. ‘खेळू देते’ असं काही म्हणाल्या नाहीत. निघताना मात्र मुलीला एवढंच म्हणाल्या, “ती फुटकी काठी किती दिस वापरणार हाईस? पगार झाला की बगू.”

मैत्रिणींनो, कोल्हापूरला जाल तेव्हा अंबाबाईची ओटी जरूर भरा. पण शिरोलीत कुणी ओळखीचं असेल तर एकदा तिकडेही वाकडी वाट करा. सुती कपडे घाला, पायात बंद चपला असू द्या आणि विचारल्याशिवाय यंत्राजवळ जाऊ नका. शहरात मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियम आहे, तेही मुलींना दाखवा.

आणि पुढच्या वेळी ते गाणं कानावर आलं, तर घरातल्या लेकीला नुसतं टाळ्या वाजवायला बसवू नका. तिच्या पायात बूट आहेत का, तेवढं बघा.