मधली खिडकी

आमच्या वाईच्या घरात, माजघराच्या पूर्वेकडच्या भिंतीवर, एक चौकोनी डाग आहे. त्याच्यावर किती वेळा चुना झाला, अलीकडे डिस्टेंपरही झाले. पण पावसाळा सरला की डाग आपल्या चारी कोपऱ्यांनिशी पुन्हा वर येतो. तेथे पूर्वी खिडकी होती. पलीकडे काकांचे बिऱ्हाड. १९८९ साली वाटण्या झाल्या आणि गवंड्याने एका दिवसात ती बुजवली. मी तेव्हा शाळेत होतो. त्या खिडकीतून आमटीच्या वाट्या इकडून तिकडे जात आणि आईचे नि काकूचे बोलणे तर दिवसभर जाई. पुढे दोघी लग्नामुंजीत बोलत. पण लग्नामुंजीतले बोलणे ते काही बोलणे नव्हे.

यंदा घराची डागडुजी निघाली. माझी पुतणी वास्तुविशारद. तिने टेप लावून मापे घेतली आणि रेव्हिट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये घर उभे केले. मी मराठीचा मास्तर. मला वाटले, ही रेघा ओढील. पण तेथे रेघ नसतेच, भिंतच असते. तिच्यावर खिडकी ठेवली की भोक आपोआप पडते. खिडकी सरकवा, भोक मागोमाग सरकते. खिडकी पुसा, भिंत सांधली जाते, कोठे डाग नाही! भिंत पुसली तर मात्र खिडकीही जाते.

"आणि नुसतं भोकच हवं असलं तर?"

"त्याचीही सोय आहे, काका."

निरनिराळ्या सॉफ्टवेअरना एकमेकांची घरे वाचता यावीत म्हणून आयएफसी नावाची एक पद्धत आहे. २०१३ साली ती आयएसओ १६७३९ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाली. तिच्यात भिंत ही एक वस्तू, खिडकी दुसरी आणि भोक ही चक्क तिसरी! भोक भिंतीला पोकळ करते आणि खिडकी त्या भोकाला भरते. मला आमचे वैशेषिक आठवले. त्यांच्या परंपरेत अभाव हाही एक पदार्थ मानला गेला. मी हे मोठ्या उत्साहाने पुतणीला सांगितले. ती "हं" म्हणाली. वर्गातही बहुधा असेच होते.

मग मी तिला डागाची गोष्ट सांगितली. तिने काळाचे टप्पे पाडले: वाटणीपूर्वीचे घर, आजचे घर आणि व्हायचे घर. पहिल्या टप्प्यात खिडकी बसवली. ती पुसली मात्र नाही, पुढच्या टप्प्यात 'पाडली' अशी खूण केली. सॉफ्टवेअरने ती जागा भरून काढली, पण तो भराव भिंतीत मिसळू दिला नाही. निराळा तुकडा म्हणून तसाच ठेवला. आमच्या गवंड्याचेही तसेच झाले होते म्हणायचे.

आई केव्हा मागे येऊन उभी राहिली, कळले नाही.

"ही मधली खिडकी ना गं?"

"हो, आजी. उघडायची का परत?"

आई काही बोलली नाही. पुतणीच सांगू लागली, की भिंत दोन फूट जाडीची आहे, वरचा भार कोण पेलतो ते आधी पाहावे लागेल. आणि भिंत सामाईक, तेव्हा पलीकडची संमती हवी. दादाने वर्तमानपत्रातून डोके वर काढले नाही.

आईने चपला घातल्या नि पुढच्या दाराने बाहेर पडली. काकूचे दार तेथून वीस पावलांवरही नाही. अर्धा तास झाला, तास झाला. दादाने दोनदा विचारले, "आली का?"

आली ती उंबरठ्यातूनच म्हणाली, "कट्टा किती उंचीवर धरलास?"

"९० सेंटिमीटर. डागावरून मोजलं."

"वीतभर खाली घे. आम्ही दोघी आता वाकलोय."

पुतणीने ९० च्या जागी ७० लिहिले. खिडकी भोकासकट खाली सरकली.