अर्ध्या किमतीची पाटी

शिर्डीहून परतणारा मनुष्य बहुधा चार वस्तू घेऊन येतो: उदीची पुडी, पेढ्यांचा पुडा, बाबांची तसबीर आणि वाटेत घेतलेले राहात्याचे पेरू. गेल्या ऑक्टोबरच्या सुटीत आम्ही तिघे नाशिकला परतलो ते पाचवी वस्तू घेऊन. ती होती संगणकाला जोडून चित्रे काढण्याची पाटी. मुले तिला ‘ड्रॉइंग टॅब्लेट’ म्हणतात.

आमच्या कन्येला कलाशाखेची प्रवेशपरीक्षा द्यावयाची होती. वर्षभर ती ही पाटी मागत होती. “आधी प्रवेश मिळू दे, मग पाहू,” हे माझे ठरलेले उत्तर. मी मराठीचा प्राध्यापक. मुलीने आपलाच विषय घ्यावा ही आशा त्या उत्तराआड दडलेली होती, हे आज कबूल करतो.

शिर्डी आता खेडे राहिलेली नाही. २००९ पासून तिला स्वतःचे रेल्वेस्थानक आहे, २०१७ पासून विमानतळही. तसबिरी आणि शालींच्या दुकानांना खेटून मोबाइलची दुकाने उभी आहेत. संध्याकाळी एकटाच पाय मोकळे करावयास निघालो, तो अशाच एका दुकानात ‘निम्म्या किमतीत’ अशी चिठ्ठी लावलेली ती पाटी दिसली. सात हजारांची साडेतीन हजारांत!

“सर, आधीच सांगतो,” दुकानदार म्हणाला, “वायर नाही, पेनाची जादा टोकं नाहीत, खोकं फाटलंय. माल परत घेणार नाही.”

“मग आणखी दोनशे कमी करा!” मी म्हणालो. त्याने केले. आपली वायर लावून पाटीवरचा दिवा पेटवून दाखवला. खोक्यात पेन होते. मी विजयी मुद्रेने मुक्कामी परतलो.

कन्येचा चेहरा असा फुलला की मला माझ्या उदारपणाचे कौतुक वाटले. मोबाइलची वायर पाटीला बसली. तिने पाटी मोबाइलला जोडून पेन फिरवले. काहीच उमटेना. तिने पेनावरचा बारीक क्रमांक वाचला, पाटीच्या पाठीवरचा वाचला, आणि हळूच म्हणाली, “बाबा, हे पेन ह्या पाटीचं नाही.”

मग मला ज्ञान झाले. ह्या जातीच्या पेनात शाई नसते, तशी बॅटरीही नसते. पाटीच्या पोटातील तारांच्या जाळ्यातून चुंबकीय लहरी निघतात, पेनातील इवलेसे वेटोळे त्यांना उत्तर देते, आणि त्या उत्तरावरून टोक कोठे आहे, हात किती दाबला आहे, हे पाटीला कळते. दोघांचा सूर जमलेला हवा. वायर बाजारात कोठेही मिळते, टोके झिजली की बदलता येतात. परंतु पेन तिचेच लागते.

“तिला दुकानात न्यायला काय झालं होतं?” सौभाग्यवतींनी विचारले. ह्या प्रश्नाला उत्तर नव्हते.

सकाळी दुकानदाराने दोन खण उपसले. पेन सापडले नाही. त्या भल्या माणसाने न मागता तीनशे रुपये परत केले. नव्या पेनाची किंमत तीन हजार!

“राहू द्या बाबा,” कन्या म्हणाली. तिच्या त्या शहाणपणाने मला अधिकच ओशाळल्यासारखे झाले.

मोबाइल बाहेर ठेवून आम्ही दर्शनाच्या रांगेत उभे राहिलो. समाधी मंदिरातील मूर्ती मुंबईचे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली. १९५४ च्या विजयादशमीला तिची स्थापना झाली. तिच्या संगमरवराची एक कथा सांगतात. इटलीहून तो मुंबईच्या गोदीत आला. कोणी कोणासाठी मागवला, कळेना. शेवटी लिलाव झाला आणि घेणाऱ्याने तो येथे अर्पण केला. तालमांपुढे बाबांचे एक छायाचित्र तेवढे होते, असेही म्हणतात. मी ही कथा कन्येला ऐकवली. माझ्या खरेदीला थोर आधार सापडल्याचा आनंद मला लपवता आला नसावा.

ती म्हणाली, “दगड बेवारशी होता, बाबा. छिन्नी त्यांचीच होती ना?”

दर्शनानंतर लेंडी बागेत ती वही-पेन्सिल घेऊन बसली. तासाभराने मी वहीत डोकावलो. रांगेतले हात होते ते: जोडलेले, पिशवी कवटाळलेले, नातवाला सावरणारे. एका आजीबाईंची वाकडी बोटे मी ओळखली. त्या आमच्या पुढेच होत्या. दोन तास मीही तेच हात पाहत होतो, पण मला ते दिसले नव्हते. आणि ही वही घरात किती दिवस होती, तेही मला ठाऊक नव्हते.

बागेतून बाहेर पडताच मी पेन मागवले. हिशेब केला तर सारी बचत हजार रुपयांची! सूट मिळाली की मनुष्य किती वाचले ते मोजतो. काय गळले ते पाहत नाही. आपणही अशी पाटी घ्याल तर पेनाचा क्रमांक जुळवून घ्या. आणि जिच्यासाठी घ्यावयाची, तिला दुकानात बरोबर न्या.