काळजावरचा लगाम

मराठीच्या वर्गात बसून बसून आमचा असा समज झाला आहे की, माणसाच्या देहात एकच अवयव आहे आणि तो म्हणजे काळीज! ते तुटते, जळते, त्याचे पाणी पाणी होते. (शब्दकोश काळजाचा अर्थ यकृत असाही देतो, पण हे कवींना सांगणार कोण?)

गेल्या वर्षी बाबांना हृदयविकाराचा झटका आला आणि या अवयवाकडे मला कवितेवाचून पाहावे लागले. अतिदक्षता विभागात त्यांच्या उशाशी एका पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारीत धावत होती. त्या उड्या सारख्या अंतरावर नव्हत्या. बाबा श्वास घेत तेव्हा त्या जवळ येत, सोडीत तेव्हा लांबत. माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टरांना विचारले, तर म्हणाले, "अगं, हे चांगलंच आहे. मेंदूची पकड शाबूत आहे."

मेंदूची पकड? मग मी विज्ञान शाखेतल्या मैत्रिणीची पुस्तके आणली. हृदय आपल्या आपण धडधडते, हे खरेच. पण मोकळे सोडले तर मिनिटाला सुमारे १०० ठोके देते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे ठोके सत्तरच्या आसपास राहतात, कारण मेंदूच्या बुंध्याशी, लंबमज्जेत, काही चेतापेशी आहेत. व्हेगस नावाच्या चेतेतून त्या हृदयाचा लगाम सतत ओढून धरतात. आपण श्वास आत घेतो तेव्हा त्या गप्प होतात, ठोके वाढतात; सोडतो तेव्हा पुन्हा बोलू लागतात. बाबांच्या रेघेचे कोडे एवढेच होते.

व्हेगस हृदयाला मंदावते, हे वेबर बंधूंनी १८४५ मध्ये दाखवले होते. पण कशी? १९२१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी ऑटो लोवी यांना म्हणे प्रयोग स्वप्नातच सुचला! त्यांनी बेडकाच्या एका हृदयाची व्हेगस उत्तेजित केली आणि त्याच्यातला द्रव दुसऱ्या हृदयाला दिला. तेही मंदावले. म्हणजे निरोप नेणारे एक रसायन होते : ॲसिटिलकोलिन. १९३६ चे नोबेल पारितोषिक त्यांना हेन्री डेल यांच्यासह मिळाले.

हृदय बदलण्याची शस्त्रक्रिया करताना व्हेगसची ही तार कापावीच लागते. त्यामुळे नवे हृदय निजल्या माणसातही बहुधा मिनिटाला नव्वदच्या वर धावते, आणि श्वास आला काय, गेला काय, त्याला पत्ता नसतो. आमच्या कादंबऱ्यांतले नायक ऊठसूट कुणाला तरी हृदय देऊन टाकतात. लगामाची चौकशी मात्र एकानेही केल्याचे माझ्या वाचनात नाही.