खोडदला गोंगाट चालत नाही

पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेची चाकणकरांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. ती राजगुरुनगर, नारायणगावमार्गे जाणार होती. मग खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा प्रश्न उभा राहिला आणि रेल्वेला मार्ग बदलावा लागला. तळेगाव चौकात रोज अडकणाऱ्या कामगाराला त्याचा संताप आला असेल, तर नवल नाही.

पण दुर्बिणीची बाजूही खोटी नाही. तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशवर उतरणारे संकेत इतके क्षीण असतात, की विजेची गाडी, वेल्डिंगची ठिणगी, मोबाइलचा टॉवर असे काहीही त्यांना सहज झाकून टाकते. प्रा. गोविंद स्वरूप यांनी जुन्नर तालुक्यातली ही जागा निवडताना रेडिओ लहरींच्या दृष्टीने ती किती शांत आहे, हे पाहिले होते.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी स्कियापारेली हे युरोपीय यान मंगळावर उतरत होते. त्याचा ट्रान्समीटर अवघ्या काही वॅटचा आणि अंतर सुमारे १७.५ कोटी किलोमीटर. तरीही खोडदला तो ऐकू आला. उतरण्याच्या ऐन वेळी तो बंद पडला. यान आदळले होते. हा तर माणसानेच पाठवलेला, फ्रिक्वेन्सी आधीपासून ठाऊक असलेला संकेत. परग्रहावरच्या कुणी पाठवलेला संकेत कोणत्या दिशेने, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर, केव्हा येईल, यातले काहीच माहीत नसते.

म्हणून परग्रहवासीयांच्या शोधाला हौशी माणसे लागतात. मे १९९९ मध्ये बर्कलेच्या शास्त्रज्ञांनी ‘सेटी अ‍ॅट होम’ सुरू केले. पोर्टो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीची माहिती छोट्या तुकड्यांत घरोघरच्या कॉम्प्युटरवर जायची. माणूस उठून गेला, की स्क्रीनसेव्हर त्यात अरुंद, टोकदार संकेत शोधत बसायचा. हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्‌झच्या आसपास हा शोध चाले. जगभरातून ५० लाखांहून अधिक लोक सामील झाले. (रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवला म्हणून घरच्यांची बोलणी खाल्लेले त्यांत किती, याची मोजदाद कुणी केलेली नाही.) मार्च २०२० मध्ये काम वाटणे थांबले. हाती सुमारे १२ अब्ज नोंदी होत्या. त्या गाळत गाळत शंभराच्या आसपास उरल्या आणि त्या पुन्हा तपासायला चीनच्या फास्ट दुर्बिणीकडे जावे लागले.

‘सापडले काय?’ हा प्रश्न मलाही हमखास विचारला जातो. माझ्या मते खरी कसोटी टाकून देण्यात आहे. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीवर वर्षानुवर्षे दिसणारे गूढ स्पंद २०१५ मध्ये ओव्हनचे निघाले. मायक्रोवेव्ह चालू असतानाच कुणी दार उघडले, की ते उमटत. त्याच दुर्बिणीने २०१९ मध्ये प्रॉक्झिमा सेंटॉरी या ताऱ्याकडे पाहताना टिपलेला संकेत एका विद्यार्थ्याच्या नजरेस पडला. २०२१ मध्ये तोही पृथ्वीवरचाच ठरला. साधी परीक्षा अशी: दुर्बीण ताऱ्यावरून बाजूला वळवली तरी संकेत दिसतच राहिला, तर तो आपल्याच घरचा. भोसरी-चाकणच्या क्वालिटी विभागातल्या माणसाला हे शिकवावे लागणार नाही. शंभर नग सारखे दिसत असताना कोणता बाजूला काढायचा, यावरच तर त्याची शिफ्ट जाते.

ही नजर आता थेट कामाला लावता येते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२३ मध्ये झूनिव्हर्स या संकेतस्थळावर सुरू केलेल्या प्रकल्पात ग्रीन बँक दुर्बिणीने टिपलेल्या संकेतांची चित्रे पाहून त्यांचे प्रकार ठरवायचे असतात. पदवी कुणी विचारत नाही. मानवी हस्तक्षेपाचे नमुने ओळखायला शिकलेला स्वयंसेवक संगणकाच्या प्रोग्रॅमलाही शहाणा करतो.

मला मात्र जवळचा रस्ता अधिक भावतो. डॉ. आनंद होता यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘रॅड अ‍ॅट होम’मध्ये स्वयंसेवकांना जीएमआरटीच्याच प्रतिमा वाचायला शिकवतात. तिथे परग्रहवासी नव्हे, तर विचित्र आकाराच्या आकाशगंगा शोधतात, आणि हाती काही लागण्याची शक्यताही तिथे बरीच जास्त. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, फेब्रुवारीअखेर, खोडदला प्रदर्शन भरते. शाळकरी मुलांची मॉडेल असतात, डिश जवळून पाहता येतात आणि शंकांना उत्तरे द्यायला दुर्बिणीवर काम करणारी माणसे समोर उभी असतात.