राख जड कशी झाली?

मी वाणिज्य शाखेची. दहावीनंतर परीक्षानळी हातात धरली नव्हती. मॅग्नेशिअमशी ओळख म्हणाल तर औषधाच्या दुकानातल्या मिल्क ऑफ मॅग्नेशियाच्या बाटलीपुरती. हा धातू आहे, त्याची फीत मिळते आणि ती पेटते, हे कळल्यावर मात्र स्वतः पाहिल्याशिवाय चैन पडेना. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीने मला तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत बोलावलं.

तिने दिलेली फीत काळपट होती आणि हातात जाणवत नव्हती इतकी हलकी. लोखंडाची घनता पाण्याच्या जवळपास आठपट, याची पावणेदोनपटही नाही. "आधी पॉलिश पेपरने घास," ती म्हणाली. घासताच आतून चांदीसारखी चकाकी निघाली. तो काळपटपणा म्हणजे ऑक्साइडचा थर. पेटवायच्या आधीच हवेतल्या ऑक्सिजनने काम सुरू केलेलं होतं!

मग विरल हायड्रोक्लोरिक आम्ल. तुकडा टाकताच बुडबुड्यांचा फेस उठला, नळी हाताला गरम लागली आणि बघता बघता तुकडा दिसेनासा झाला. "विरघळला, साखरेसारखा," मी म्हटलं. "अगं, पाणी आटवलं की साखर परत मिळते. हे आटवलंस तर मॅग्नेशिअम क्लोराइड मिळेल, धातू नाही." नळीच्या तोंडाशी तिने जळती काडी नेली आणि 'पट्ट' आवाज झाला. हायड्रोजन! मी दचकून मागे सरले.

व्हिनेगरमध्ये तेच घडलं, पण रेंगाळत. व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल सौम्य. त्याचे थोडेच रेणू एका वेळी हायड्रोजनचे आयन सोडतात, म्हणून वेग कमी. आम्ल पुरेसं असेल तर तेवढ्याच फितीतून शेवटी वायू तेवढाच निघतो. 'सौम्य' म्हणजे कमी देणारं, असं मी धरून चालले होते.

पेटवताना तिने बजावलं, ज्योतीकडे थेट बघायचं नाही, त्यात अतिनील किरणंही असतात. चिमट्यात धरलेली फीत बर्नरवर क्षणभर काहीच करेना आणि मग असा पांढराशुभ्र प्रकाश पडला की समोरची भिंत उजळली. याच प्रकाशात चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी 1865 मध्ये गिझाच्या पिरॅमिडच्या आत छायाचित्रं काढली होती. "आग भडकली तर तो कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर वापरायचा ना?" मी विचारलं. मुळीच नाही. मॅग्नेशिअम त्यातलाही ऑक्सिजन ओढून घेतं आणि जळत राहतं, मागे काळा कार्बन उरतो. पाणीही नको, त्यातून हायड्रोजन सुटतो. कोरडी वाळू हवी. तिची बादली शेजारीच होती.

उरली पांढरी भुकटी. जळलं म्हणजे वजन घटलं, असंच मला वाटत होतं. पण झाकण असलेल्या मुशीत जाळून सगळं सांभाळलं, तर 24 ग्रॅम मॅग्नेशिअमचा 40 ग्रॅम ऑक्साइड होतो. वरचे 16 ग्रॅम हवेतले! मैत्रिणीने फळ्यावर अणू काढला. त्याच्या बाहेरच्या कक्षेतले 2 इलेक्ट्रॉन तो सहज देऊन टाकतो. आम्लात ते हायड्रोजनचे आयन घेतात आणि वायू होऊन उडून जातात. हवेत ते ऑक्सिजन घेतो आणि तिथेच चिकटून राहतो. देणारा एकच, फरक घेणाऱ्यात. राखेचं जडपण मला तिथे समजलं आणि मी तो फळा वहीत जसाच्या तसा उतरवला.

मग ही राख आम्लात टाकली तर? मला बुडबुड्यांची खात्री होती. भुकटी विरघळली, पण वायू नाही. इलेक्ट्रॉन आधीच ऑक्सिजनला देऊन झालेले, आता हायड्रोजनला द्यायला काय उरणार? तरी एका कणावर बारीक बुडबुडे उठतच होते. मी मैत्रिणीला दाखवलं. तिने निरखून पाहिलं आणि सांगितलं, चिमट्यात धरलेलं टोक जळायचं राहून गेलं होतं.