नात्याचा रकाना

गेल्या श्रावणात माझा भाचा चार दिवस राहायला आला आणि येताना एक नवेच वेड घेऊन आला. रात्रीची जेवणे झाली की तो लॅपटॉप उघडून बसे आणि एक अमेरिकन मालिका पाहत राही. "मामा, तुम्ही कादंबऱ्या लिहिता ना? मग हे बघाच," असे म्हणून त्याने मलाही शेजारी बसवले. पहिल्या रात्री मी भिडेखातर बसलो. दुसऱ्या रात्री मीच त्याला हाक मारली!

मालिकेचे नाव 'सिक्स्टी डेज इन', म्हणजे साठ दिवस आत. ती 2016 साली सुरू झाली. इंडियाना राज्यातल्या क्लार्क जिल्ह्याच्या तुरुंगात चोरून काय चालते, हे तिथल्या शेरीफला, म्हणजे तुरुंग ज्याच्या ताब्यात त्या अधिकाऱ्याला, जाणून घ्यायचे होते. त्याने सात निरपराध माणसे खोटी नावे देऊन आत धाडली. कैद्यांना पत्ता नाही, बहुतेक पहारेकऱ्यांनाही नाही. कॅमेरे कशाला? तर पहिल्यांदाच तुरुंगात आलेल्यांवर माहितीपट काढायचा आहे, असे सांगून ठेवलेले. सातांत मुष्टियोद्धा महंमद अलीची मुलगी मरियम होती, आणि एक शिक्षकही होता. जिवावर बेतलेच तर डोक्यावर टॉवेल घेऊन कॅमेऱ्यासमोर उभे राहायचे. ती सुटकेची खूण.

त्या टॉवेलाने मला अगदी झपाटून टाकले. एका तुरुंगाच्या कादंबरीचा विचार बरेच दिवस मनात घोळत होता. आत कधी पाऊल टाकले नव्हते, म्हणून ती अडली होती. आता घरबसल्या तुरुंग पाहायला मिळाला! मी वही काढली आणि टिपणे घेऊ लागलो. जेवणाची रांग कशी लागते, नवा माणूस कुठे झोपतो, कोण कोणाला दबतो, सारे लिहून काढले.

"असा प्रयोग आपल्याकडे का होत नाही हो, मामा?" भाच्याने विचारले.

मास्तराला असा प्रश्न विचारणे म्हणजे वासराला कुरण दाखवणे. मी सरसावून बसलो. म्हटले, "अरे, आपल्याकडे याच्याहून मोठा प्रयोग झाला, आणि तोही आपल्या दाराशी." आमच्या सातारा जिल्ह्यातले औंध हे एके काळी संस्थान होते. आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी त्याच संस्थानातली. तिथे स्वातंत्र्याच्या आधी, राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या कारकिर्दीत, मॉरिस फ्रीडमन नावाच्या एका पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने कैद्यांची एक वसाहत उभी राहिली. नाव दिले स्वतंत्रपूर. भिंत नाही, बेड्या नाहीत. कैद्याने बायकामुलांसह राहायचे, शेत कसायचे, भाजीपाला पिकवायचा. ज्या माळावर पळून जाणे सर्वांत सोपे, तिथे त्यांना मोकळे सोडले! ती वसाहत आजही आहे. याच प्रयोगावरून त्या भागातल्या माडगुळ्याचे सुपुत्र गदिमा यांनी कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी 1957 साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. सहा खुनी आणि एक जेलर. तो जेलर त्यांच्यात राहतो, पण खोट्या नावाने नव्हे. मी जेलर आहे, तुम्ही कैदी आहात, आणि माझा तुमच्यावर विश्वास आहे, असे उघड सांगून राहतो.

माझे व्याख्यान रंगात आले होते. एवढ्यात स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, मग त्या पोराला जामीन राहायला काय हरकत आहे?"

मी एकदम गप्प झालो. भाचा माझ्या तोंडाकडे पाहू लागला.

तो पोर माझा जुना विद्यार्थी. गणितात कच्चा, पण वर्गातला पंखा बिघडला की बाकावर चढून दुरुस्त करणारा. दहावीनंतर तो सांगलीला एका गॅरेजात लागला. एका रात्री मारामारी झाली. एकाचे डोके फुटले, आणि पोलिसांनी धरलेल्या चौघांत हाही होता. पहिला घाव कोणाचा, ते न्यायालय ठरवील. जामीन मंजूर झाला होता. पण जामीनदार कोण राहणार? घरी जमीन नाही, बाप नाही. त्याची आई तीनदा माझ्या दारी येऊन गेली. "गुरुजी, तुमच्या नावावर घर हाय. तुमी उभं ऱ्हायला तर पोरगं घरी येईल." तिन्ही वेळा मी म्हटले, "बघू या." हे 'बघू या' म्हणजे सुशिक्षितांचे 'नाही', हे त्या माउलीला कळत असणारच. आठ महिने मी नुसते बघत होतो. आणि आता रात्र रात्र जागून साता समुद्रापलीकडचा तुरुंग बघत होतो!

त्या रात्री मला झोप आली नाही. वाटले, त्या सात माणसांना आतले सारे दिसले, पण एक गोष्ट त्यांना मिळाली नसणार. किती दिवस राहायचे, हे त्यांना ठाऊक होते. आपल्या तुरुंगांत 2022 च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे दर चार कैद्यांत तिघे कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा निकाल अजून लागायचा आहे असे. त्यांना दिवस मोजता येतात, पण वजा कशातून करायचे? डोक्यावर टॉवेल घेऊन ते उभे राहिले, तर कोण धावून येणार?

अमेरिकेतच 1913 साली थॉमस ऑस्बर्न नावाचा एक गृहस्थ टॉम ब्राउन हे नाव घेऊन ऑबर्नच्या तुरुंगात आठवडाभर राहिला होता. पण त्याने आधी कैद्यांसमोर उभे राहून आपण कोण, कशासाठी येतो आहोत, हे सांगून टाकले होते. नाव बदलले, पण तोंड लपवले नाही. मी मात्र माझ्याच घरात, माझ्याच नावाने राहून तोंड लपवत होतो.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मी सांगलीची एस.टी. धरली. सांगलीचा तुरुंग म्हटला की आमच्याकडे वसंतदादा आठवतात. 24 जुलै 1943 रोजी त्यांनी तो फोडला, गोळी झेलली. दरवर्षी वर्गात ही हकिकत सांगताना माझा आवाज चढतो. तुरुंग फोडणाऱ्याची गोष्ट सांगणे सोपे असते. आत बसून राहिलेल्याची कोण सांगणार?

दाराशी भेटीचा कागद भरायचा होता. नाव लिहिले, पत्ता लिहिला. पुढे रकाना होता, 'कैद्याशी नाते'. माझी लेखणी अडली. मागच्या माणसाने हळूच खाकरून घाई दाखवली. अखेर मी लिहिले, 'शिक्षक'. ते वाचून शिपाई मान वर करून म्हणाला, "मास्तर कोणी येत नाहीत हो!" त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच तो लागला.

जाळीपलीकडे तो आला. वाळला होता. मला पाहून त्याने आधी शर्टाचे वरचे बटण लावले, वर्गात मी रागे भरलो की लावायचा तसे. मी आतली हकिकत विचारीन, कादंबरीला उपयोगी पडेल, असा एक चोरटा विचार वाटेत मनात येऊन गेला होता. पण एकही प्रश्न सुचला नाही. तोच विचारत राहिला. शाळेला सुट्टी लागली का, आई दम्याचे औषध घेते का, वर्गातला तो पंखा चालतो का. जामिनाविषयी तो एक अक्षर बोलला नाही. उठताना एवढेच म्हणाला, "गुरुजी, तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

परत आल्यावर भाच्याचा फोन आला. त्या मालिकेतल्या शेरीफचे, जेमी नोएलचे, पुढे काय झाले, ते त्याने सांगितले. 2024 साली चोरीसारखे अनेक गुन्हे कबूल करून त्याला 15 वर्षांची शिक्षा झाली. भाचा हसत होता. मला हसू आले नाही. आतले आणि बाहेरचे यांच्यामधली भिंत आपण समजतो तेवढी जाड नसते, एवढेच मनात आले.

टिपणांची वही मी फडताळात ठेवून दिली आहे. तिच्यावर घराचा उतारा आणि घरपट्टीची पावती आहे. दिवाळीची सुट्टी संपून न्यायालय उघडले की ती घेऊन जायचे आहे. पोर पळून गेले तर माझे नुकसान होईल, हे वकिलाने नीट समजावून सांगितले आहे. आमच्या हिने ते ऐकले आणि त्याच्या आईकडे फराळाचा डबा पाठवला. डबा परत आला तो रिकामा नव्हता. तळाशी चार करंज्या होत्या.